नऊच्या बातम्या

मंगळवार, १५ ऑक्टोबर १९४०. लंडनमध्ये रात्रीचे नऊ वाजले होते. पोर्टलँड प्लेस या रस्त्यावरच्या ब्रॉडकास्टिंग हाऊसमध्ये, म्हणजे बीबीसीच्या मुख्य इमारतीत, तळघरातल्या एका स्टुडिओत ब्रूस बेलफ्रेज नावाचा निवेदक बातम्या वाचत होता. हा मूळचा रंगभूमीवरचा नट. बातमीपत्र सुरू होऊन जेमतेम दोन मिनिटे झाली असतील, तोच श्रोत्यांना दूर कुठेतरी काहीतरी जड कोसळल्यासारखा दबका आवाज ऐकू आला. निवेदक क्षणभर थांबला. कोणीतरी हलक्या आवाजात, सगळे ठीक आहे, अशा अर्थाचे काही पुटपुटले. मग वाक्य जिथे तुटले होते तिथून बेलफ्रेजने ते पुढे वाचायला घेतले.

घडले होते ते असे. त्या रात्री आठच्या सुमारास पाचशे पौंडांचा एक बॉम्ब सातव्या मजल्याच्या खिडकीतून आत शिरला आणि खाली पाचव्या मजल्यावरच्या संगीत ग्रंथालयात येऊन पडला. बॉम्ब उशिरा फुटणारा होता. तो हलवण्याची खटपट चालू असतानाच नऊ वाजून दोन मिनिटांनी त्याचा स्फोट झाला आणि बीबीसीचे सात कर्मचारी ठार झाले. खाली तळघरात गिलावा आणि धूळ बेलफ्रेजच्या अंगावर आणि कागदांवर येऊन पडली. ती फुंकून त्याने बातम्या पूर्ण केल्या. डोक्यावर काय घडले, याचा त्या बातम्यांत एक शब्दही नव्हता.

या प्रसंगाचे ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळते. मी ते अनेकदा ऐकले आहे. ब्रिटिश माणूस ही कथा धैर्याची कथा म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण दर वेळी ऐकताना मला त्यात दोन गोष्टी एकमेकींना चिकटलेल्या जाणवतात. एक, न डळमळणारा आवाज. दुसरी, त्या आवाजाने न सांगितलेली गोष्ट. एवढे न सांगूनही लोकांनी त्या आवाजावर विश्वास का ठेवला, आणि तो ठेवावा असा तो आवाज खरोखर होता का, हा प्रश्न मला त्या धैर्याहून मोठा वाटतो. कारण तो प्रश्न १९४० साली संपलेला नाही. आपण रोज सकाळी तो हातात घेऊन उठतो.

आधी त्या काळच्या रेडिओविषयी थोडे सांगायला हवे. युद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटनमध्ये रेडिओचे परवाने नव्वद लाखांच्या आसपास होते. वर्षाला दहा शिलिंग शुल्क. एका संचाभोवती सारे घर बसे, तेव्हा जवळपास सगळा देशच ऐकत होता म्हणायला हरकत नाही. ज्या घरांत वीज नव्हती ती माणसे आम्लाच्या जड काचेच्या बॅटऱ्या दुकानात नेऊन भरून आणीत. १ सप्टेंबर १९३९ रोजी नुकतेच बाळसे धरू लागलेले टेलिव्हिजन बंद करण्यात आले आणि रेडिओची वेगवेगळी केंद्रे मोडून सर्वांसाठी एकच ‘होम सर्व्हिस’ ठेवण्यात आली. त्यामागे कारण होते. एखाद्या केंद्राच्या लहरींचा माग काढत विमान नेमके शहरावर येऊ शकते. म्हणून अनेक केंद्रांवरून एकच कार्यक्रम एकाच लहरीवर सोडायचा आणि शत्रूची विमाने जवळ आली की त्या भागातले केंद्र बंद करायचे, अशी युक्ती काढली गेली. कार्यक्रम लांबच्या केंद्रांवरून चालूच राही, पण घरातला आवाज एकदम क्षीण होई. आवाज बारीक झाला की काय समजायचे, हे लोकांना कोणी शिकवावे लागले नाही.

असा हा रेडिओ सकाळी सात वाजता बातम्यांनी जागा होई. सव्वाआठला ‘किचन फ्रंट’ लागे. पाच मिनिटांचा हा कार्यक्रम गृहिणी भाजी आणायला बाहेर पडण्यापूर्वी ऐकवायचा, असा अन्नखात्याचा बेत होता. लोणी, साखर, मांस, चहा, सगळ्याचे रेशनिंग झालेले. चहा माणशी आठवड्याला दोन औंस. तेव्हा बटाट्याचे आणखी काय करता येईल, गाजर कशात घालता येईल, सालांचे काय करायचे, हे निवेदक शेजारणीच्या आपुलकीने सांगे. आघाडी फ्रान्समध्ये असते तशी ती चुलीपाशीही असते, हे त्या कार्यक्रमाच्या नावातच होते.

साडेदहाला आणि पुन्हा दुपारी तीनला ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’. जून १९४० मध्ये सुरू झालेला हा अर्ध्या तासाचा कार्यक्रम कारखान्यांतल्या कर्ण्यांवरून ऐकवत. संगीताची लय एकसारखी हवी, मध्येच संथ होणारे काही नको, असे त्याचे नियम होते. पुढे टाळ्यांचा ठेका असलेले एक अमेरिकी गाणे त्यातून वगळावे लागले. कामगार टाळ्यांच्या जागी हातातली हत्यारे यंत्रांवर आपटू लागले होते! दुपारी एकला बातम्या, संध्याकाळी मुलांचा तास, सहाला पुन्हा बातम्या. हवामानाचा अंदाज मात्र सबंध युद्धात कधी नाही, कारण तो जर्मन वैमानिकांच्याही कामाचा. पावसाची छत्री न्यावी की नाही हेसुद्धा लष्करी गुपित झाले होते.

मुलांच्या तासाचा उल्लेख आलाच आहे, तर एक गोष्ट सांगतो. बॉम्ब पडण्याच्या दोनच दिवस आधी, रविवारी १३ ऑक्टोबरला, चौदा वर्षांची राजकन्या एलिझाबेथ या कार्यक्रमातून पहिल्यांदा रेडिओवर बोलली. बॉम्बच्या भीतीने शहरांतली लाखो मुले आईबापांपासून दूर खेड्यांत, काही तर समुद्रापलीकडे पाठवली होती. त्यांच्याशी ती बोलली आणि शेवटी धाकट्या मार्गारेटलाही तिने शुभरात्री म्हणायला लावले. कोणाच्या तरी घरात, परक्या बाईच्या स्वयंपाकघरात बसून हे ऐकणाऱ्या मुलाला काय वाटले असेल याचा विचार करून पाहा. आई जिथे राहते त्या शहराची बातमी त्याला त्याच खोक्यातून मिळत होती, आणि त्या बातमीत शहराचे नावही धड नसे. ‘लंडनचा एक भाग’, ‘दक्षिण किनाऱ्यावरचे एक गाव’, एवढेच सांगत.

तरीही माणसे ऐकत. नऊच्या बातम्यांच्या वेळी जेवणाची भांडी तशीच ठेवून बसत. त्या विश्वासाची बांधणी फार बारकाईने झाली होती. पूर्वी बीबीसीचा निवेदक म्हणजे नाव नसलेला आवाज असे. संध्याकाळी कोणाला न दिसणारा, तरीही औपचारिक काळा कोट घालून बसणारा. १९४० च्या उन्हाळ्यात, जर्मन सैन्य इंग्लिश खाडीपर्यंत आले तेव्हा, निवेदक आपले नाव सांगू लागले. उद्या शत्रूने एखादे केंद्र ताब्यात घेऊन खोट्या बातम्या वाचल्या तर लोकांना फरक कळला पाहिजे. आल्व्हर लिडेल, फ्रँक फिलिप्स, जोसेफ मॅक्लाउड ही नावे घरच्या माणसांसारखी झाली. लोकांना आवाजाची सवय लावणे हाच तेव्हाचा शिक्का होता. पुढे १९४१ मध्ये विल्फ्रेड पिकल्स या यॉर्कशरच्या माणसाला त्याच्या गावरान उच्चारांसह बातम्या वाचायला आणले. हे उच्चार जर्मनांना सहज जमायचे नाहीत. पण गंमत अशी की, अशा बोलीतली बातमी खरी वाटत नाही, अशी तक्रार खुद्द श्रोत्यांनीच केली. प्रमाण भाषेत सांगितले तरच खरे, ही समजूत केवळ आपल्याकडचीच नाही.

समोर स्पर्धकही होता. हॅम्बुर्गहून इंग्रजीत बोलणारा विल्यम जॉइस, लोकांच्या तोंडी ‘लॉर्ड हॉ-हॉ’. युद्धाच्या पहिल्या हिवाळ्यात लाखो ब्रिटिश लोक त्याला नियमाने ऐकत. काही करमणुकीसाठी, तर काही आपले सरकार जे सांगत नाही ते कदाचित हा सांगेल म्हणून. जर्मनीत परकी केंद्रे ऐकणे हा गुन्हा होता. ब्रिटनने तशी बंदी घातली नाही. लोकांनी दोन्ही ऐकावे आणि ठरवावे, ही जोखीम घेतली गेली. मला वाटते, बीबीसीला खरी शिस्त या जोखमीने लावली. श्रोत्याला दुसरीकडून बातमी कळू शकते हे ठाऊक असेल, तर फार मोठे खोटे बोलून चालत नाही.

मग ते खरेच बोलत का? इथे भाबडेपणा सोडून पाहिले पाहिजे. त्याच वर्षीच्या १७ जूनला फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ ‘लँकास्ट्रिया’ हे जहाज बुडाले. त्यावर हजारो सैनिक आणि निर्वासित होते, आणि हजारो मेले. चर्चिल यांनी ती बातमी दाबली. पाच आठवड्यांहून अधिक काळ ब्रिटनमध्ये तिचा उच्चार झाला नाही. अमेरिकी वृत्तपत्रांत आली तेव्हाच ती घरी पोचली. १५ सप्टेंबर १९४० च्या हवाई लढाईत जर्मनांची १८५ विमाने पाडल्याचे रेडिओवरून सांगितले गेले. प्रत्यक्षातला आकडा साठच्या आसपास होता. विमानखात्याने दिलेला आकडा बीबीसीने वाचला. निवेदकाच्या आवाजात अर्थातच तीच ठाम शांतता होती. चुकीचा आकडा आणि बरोबर आकडा एकाच आवाजात वाचले जातात, ही रेडिओची मोठी अडचण आहे.

आणि बोलणाऱ्यांचे काय? जे. बी. प्रीस्टली हा लेखक त्या उन्हाळ्यात रविवारी रात्री बातम्यांनंतर ‘पोस्टस्क्रिप्ट’ नावाची छोटी भाषणे करी. डंकर्कहून सैनिकांना घेऊन येणाऱ्या साध्या सहलीच्या बोटींविषयी तो पहिल्या भाषणात बोलला आणि लोकांनी त्याला उचलून धरले. पण युद्ध संपल्यावर हा देश गरिबांसाठी अधिक न्यायाचा व्हायला हवा, असे तो म्हणू लागला तेव्हा सत्ताधारी वर्तुळात कुजबुज सुरू झाली. बॉम्ब पडल्यानंतर पाचच दिवसांनी, २० ऑक्टोबरला, त्या मालिकेतले त्याचे शेवटचे भाषण झाले. पुढे १९४१ च्या आरंभी तो परत आला, आणि पुन्हा थोड्याच आठवड्यांत थांबला.

एवढे सारे जमेस धरूनही हिशेब बीबीसीच्या बाजूनेच झुकतो. याचे कारण, तिने पराभव लपवले नाहीत. फ्रान्स पडले ते सांगितले. सिंगापूर पडले, तोब्रुक पडले, तेही सांगितले. एखादी वाईट बातमी आपल्याच माणसाच्या तोंडून ऐकली की त्याच्या पुढच्या चांगल्या बातमीवर विश्वास बसतो. व्यवहारातले हे साधे शहाणपण आहे. वाण्याने एकदा आपण होऊन सांगावे की आजची डाळ जुनी आहे, नेऊ नका. मग त्या दुकानाची पायरी माणूस सहसा सोडत नाही. युरोपात जर्मन अमलाखालचे लोक पोटमाळ्यावर, गोधडीखाली संच ठेवून लंडन ऐकत, ते याच भांडवलावर. युद्ध संपेपर्यंत बीबीसी चाळीसहून अधिक भाषांत बोलत होती.

इथवर वाचून मराठी वाचकाच्या मनात एक प्रश्न उभा राहिला असेल. हे सगळे खरे, पण आमच्याशी हा आवाज काय बोलत होता?

पंचांग काढून पाहिले तर १५ ऑक्टोबर १९४० ची रात्र आपल्याकडे कोजागिरीची होती. बेलफ्रेज बातम्या वाचत होता तेव्हा इकडे मध्यरात्र उलटून गेली होती. ज्या चंद्राला आपल्याकडे आटीव दुधाचा नैवेद्य दाखवत होते, त्याच चंद्राच्या उजेडात जर्मन विमाने टेम्स नदीचा चमकता पट्टा धरून लंडनवर येत होती. लंडनकर अशा चंद्राला बॉम्बफेक्यांचा चंद्र म्हणत. त्या युद्धात हिंदुस्थान होता, पण तो कोणी विचारून घेतलेला नव्हता. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉयने जाहीर केले आणि आपण युद्धात होतो.

त्यानंतर लंडनच्या रेडिओला हिंदुस्थानी कानांची गरज लागली. १९४० मध्ये हिंदुस्थानी भाषेतील प्रसारण सुरू झाले. मराठीची पाळी १९४२ मध्ये आली. पूर्वेकडच्या प्रसारणाच्या त्या विभागात कोल्हापूरजवळच्या शिरोळच्या वेणू चितळे काम करीत. बॉम्बच्या छायेत बसून त्या मराठीतून बोलत आणि मांस मिळेनासे झालेल्या इंग्रज गृहिणींना ‘किचन फ्रंट’मधून आपले शाकाहारी पदार्थही सांगत. पुढे त्यांनी इंग्रजीत ‘इन ट्रान्झिट’ ही कादंबरी लिहिली, ती १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच विभागात ऑगस्ट १९४१ पासून एरिक ब्लेअर नावाचा कार्यक्रम-निर्माता होता. आपण त्याला जॉर्ज ऑर्वेल म्हणून ओळखतो. त्याने लिहिलेल्या साप्ताहिक बातमीपत्रांची मराठीत, गुजरातीत, तमिळमध्ये, बंगालीत भाषांतरे होऊन ती वाचली जात. म्हणजे ऑर्वेलचे गद्य मराठी माणसाच्या कानी पडले ते पुस्तकांच्या आधी, रेडिओवरून. आणि तेही लेखकाच्या नावाशिवाय.

या प्रत्येक मजकुराची आधी तपासणी होई, सुरक्षिततेच्या दृष्टीने एकदा आणि धोरणाच्या दृष्टीने पुन्हा. प्रत्यक्ष प्रसारणाच्या वेळी एक माणूस बटणावर हात ठेवून बसे. वाचणाऱ्याने मंजूर मजकुराबाहेर शब्द काढला की आवाज बंद! नऊच्या बातम्यांमागचा तो शांत स्वर आणि बटणावरचा हा हात, दोन्ही एकाच संस्थेचे होते.

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’चा ठराव झाला, गांधीजींसह सारे नेते तुरुंगात गेले. तेव्हा इथल्या माणसाला हवी होती ती बातमी ना लंडनहून मिळणार होती, ना सरकारच्या ताब्यातल्या ऑल इंडिया रेडिओवरून. ती मिळाली मुंबईतल्याच कुठल्या तरी खोलीतून. २७ ऑगस्टला उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. जागा बदलत, पोलिसांना चुकवत तो १२ नोव्हेंबरपर्यंत चालला. शेवटी पोलीस दाराशी आले तेव्हाही प्रक्षेपण चालू होते. बावीस वर्षांच्या त्या मुलीला चार वर्षांची शिक्षा झाली. पॅरिसमध्ये लपून लंडन ऐकणाऱ्याला ब्रिटिशांनी वीर म्हटले. मुंबईत लपून बोलणाऱ्या मुलीला त्यांनीच तुरुंगात टाकले. ऑर्वेलला ही विसंगती दिसत नसेल असे मानवत नाही. आपल्या कामातून काही निष्पन्न होत नाही, या भावनेने तो नोव्हेंबर १९४३ मध्ये बीबीसी सोडून गेला. जुनी बातमी रोज नव्याने लिहिणारे सत्याचे मंत्रालय त्याने पुढे १९४९ मध्ये आपल्या कादंबरीत उभे केले. त्यामागे या नोकरीचाही अनुभव होता, असे अभ्यासक मानतात.

मग इतिहासाने एक वळण घेतले. १९७५ साली आणीबाणी आली, वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला. आमच्या वाड्यात रात्री दार लोटून रेडिओची सुई लंडनकडे फिरवली जाई. अशी हजारो घरे महाराष्ट्रात होती. ज्या आवाजाने १९४२ मध्ये आमची बातमी सांगितली नव्हती, तोच आता आमच्या घरातली बातमी आम्हाला सांगत होता. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधी गेल्याचे बीबीसीने सांगितले, त्यानंतर कित्येक तासांनी आकाशवाणीने. स्वतंत्र देशाच्या नागरिकाने आपल्या पंतप्रधानांच्या मृत्यूची खात्री परक्या केंद्राकडून करून घ्यावी, यात बीबीसीचा गौरव आहे, पण त्याहून अधिक आपल्याला खाली मान घालायला लावणारे काही आहे.

यातून मला एवढेच समजते की, कोणताही आवाज जन्मतः खरा नसतो. बीबीसीने खरे सांगितले ते जिथे श्रोता पडताळून पाहू शकत होता तिथे, आणि ज्या श्रोत्याच्या मताची सरकारला पर्वा होती त्याला. जिथे श्रोत्याची सत्ता नव्हती तिथे त्याच आवाजाने बटणावर हात ठेवला. म्हणजे बातमीचा खरेपणा राखण्याची अर्धी जबाबदारी ऐकणाऱ्याकडे येते. तो किती ठिकाणी ऐकतो, किती प्रश्न विचारतो, नको असलेली बातमी ऐकून घ्यायची त्याची तयारी आहे का, यावर सांगणाऱ्याचे धैर्य ठरते.

आज आपल्या घरात बातम्या दिवसातून सहा वेळा येत नाहीत, दर मिनिटाला येतात. पडद्यावर चारचार माणसे एकाच वेळी ओरडतात आणि खिशातल्या फोनवर कोणीतरी पाठवलेला मजकूर आपण वाचून संपण्याआधी पुढे पाठवतो. बॉम्ब पडला तर आज निवेदक आधी कॅमेरा बॉम्बकडे वळवील. त्यात सात माणसांची बातमी लपणार नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. पण नऊ वाजता वाचलेली गोष्ट दहा वाजता खोटी ठरली तर ते सांगायला कोण येईल? लंडनच्या त्या रात्री आवाज शांत होता आणि सत्य अपुरे होते. आपल्याला आवाज मोठा मिळाला आहे. सत्य पुरेसे झाले आहे का, हे दर रात्री नऊ वाजता आपापल्या घरी बसून आपणच तपासायचे आहे.